वॉरंट नव्हे, वॉरंटी

शिरूर,
रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर

आदरणीय ताईबाई अक्का यांना धाकट्या राजीचा सविनय जयभीम.

(वर 'यांना' लिहिलं ते पत्राची रीत म्हणून. आयुष्यभर पोरांना पत्रलेखन शिकवलं, आता स्वतःच चुकले तर बरं दिसायचं नाही. खाली मात्र आपलं नेहमीचं 'तू'च चालू ठेवते.)

इकडे आम्ही दोघं ठीक. तुझा गुडघा, दाजींचा खोकला आणि ती नवीन गाय, जी फक्त तुझ्याच हाताला दूध देते असं तू सगळ्यांना सांगत असतेस, अशी तिघांची खुशाली कळव. गुडघ्याला तेल लावतेस ना? लावत नसशील तर 'लावते' असं लिहू नकोस. खोटं लिहिताना तुझ्या वेलांट्या लांबतात, मला लगेच कळतं.

आता आधी महत्त्वाचं. ह्यांच्यावर कुठलंही वॉरंट निघालेलं नाही. पोलीस आले नाहीत, येणार नाहीत आणि ह्यांनी काही केलेलंही नाही. मंगळवारी मी फोनवर म्हणाले होते की 'आमचं दोघांचं वॉरंटीवरून वाजलंय'. तुझ्या ओट्यावर रेंज कशी येते ते मला माहीत आहे, पण त्यातून तू 'ह्यांच्यावर वॉरंट' एवढंच उचललंस, फोन ठेवलास आणि झोपलेल्या दाजींना उठवलंस. दाजी बिचारे भले माणूस, त्यांनी दौंडच्या वकिलाला फोन लावला. वकिलाने विचारलं गुन्हा काय, तर दाजी म्हणाले, गुन्हा कुठलाही असो, माणूस चांगला आहे. हे मला कळलं तेव्हा मी आधी हसले, मग जरा डोळे पुसले. पण तोवर तुमच्या राहू गावच्या पारावर बातमी गेलेली होती. मला दोन फोन आले. त्यातला एक आपल्या मामेबहिणीचा होता, आणि ती म्हणाली की तिला आधीपासून वाटतच होतं. तिचं मी वेगळं बघून घेईन.

तर ही वॉरंटी म्हणजे काय, आणि तिच्यावरून आमचं का वाजलं, हे सगळं सविस्तर लिहिते. फोनवर सांगता येत नाही, कारण मी फोनवर बोलायला लागले की हे दुसऱ्या खोलीतून माझ्या वाक्यांना उत्तरं देतात.

मी कॉम्प्युटर घेतला. हसू नकोस. तुला आठवतं का, मी पाबळच्या पुढच्या त्या वस्तीवरच्या शाळेत होते तेव्हा सरकारकडून कॉम्प्युटर आला होता? बैलगाडीतून आणला होता, वाजतगाजत. सरपंचांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी उडेल म्हणून मुख्याध्यापकांनी त्याच्यावर धोतराचं पान टाकलं. ते पान मग कधी निघालंच नाही. वीज असायची नाही, असली तर किल्ली मुख्याध्यापकांच्या घरी असायची, आणि दोन्ही जुळून आलं तर आम्हालाच हात लावायची भीती. तपासणीला साहेब आले की पान काढायचं, साहेब गेले की घालायचं. मी पोरांना फळ्यावर खडूने कॉम्प्युटर काढून शिकवायचे. पोरं पाटीवर कीबोर्ड काढायची आणि त्यावर बोटं आपटून 'बाई, झालं टाइप' म्हणायची. शेवटी कुणीतरी पान काढलं तर आत उंदरीण व्यालेली. तिची सहा पिल्लं बघायला मात्र सगळी शाळा लोटली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या शाळेत कॉम्प्युटरचा उपयोग झाला. तेव्हापासून माझ्या मनात होतं की एक दिवस आपला स्वतःचा घ्यायचा आणि त्याला मनसोक्त हात लावायचा. रिटायर झाले, सुदर्शनला विचारलं, तो पुण्याहून म्हणाला, आई, मोबाइल आहे ना. मी म्हणाले, मोबाइलवर मला तुझ्या पोरीचं नाक दिसतं तर कान दिसत नाही. मला ती सगळी एकदम बघायची आहे.

दुकान जालिंदरचं. तोच, पाटीवर सगळ्यात नीट कीबोर्ड काढणारा. आता शिरूरच्या बाजारपेठेत त्याचं 'तेजश्री कॉम्प्युटर्स' आहे, मुलीच्या नावाने. तो स्वतः सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून देतो आणि वॉरंटीही दुकानाचीच देतो. आम्ही गेलो तर त्याने मला खुर्ची दिली, ह्यांना चहा दिला, आणि मग मशीन दाखवून झाल्यावर म्हणाला की एक वर्षाची वॉरंटी आहेच, पण वर थोडे पैसे भरले तर आणखी दोन वर्षं वाढवून मिळेल. घाई नाही, महिनाभरात कधीही सांगा. मी विचारलं, वॉरंटीत काय काय बसतं? जालिंदर प्रामाणिक मुलगा, त्याने काय बसत नाही तिथपासून सुरुवात केली. वीज कमीजास्त होऊन जळला तर बसत नाही. उंदरांनी वायर कुरतडली तर बसत नाही. मुंग्या, पाणी, चहा, पडणं, आपटणं, काहीच बसत नाही. (म्हणजे शिरूरमध्ये ज्या ज्या गोष्टींनी काही बिघडतं त्या सगळ्या वगळल्या.) मग बसतं काय, असं ह्यांनी विचारलं. कुणाचाही दोष नसताना आपोआप बिघडला तर, असं जालिंदर म्हणाला. त्यावर हे म्हणाले की कंपनीत सगळी हयात मेंटेनन्समध्ये गेली, पण आपोआप बिघडलेलं एकही मशीन त्यांनी पाहिलं नाही, कुणीतरी काहीतरी केलेलं असतंच.

इथपर्यंत गोडीत चाललं होतं. मग जालिंदरने डब्याच्या मागे चिकटवलेला एक चांदीच्या रंगाचा कागद दाखवला आणि सांगितलं, की हा फाटला, म्हणजे घरी कुणी डबा उघडला, तर वॉरंटी संपली. ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"पैसं आमचं, डबा आमचा, आन् उघडायचा न्हाई?"

जालिंदर म्हणाला, "काका, उघडायची वेळच येणार नाही."

"मग वारंटी कशाला ईकतोस?"

जालिंदर बिल करायला वळला. आम्ही कॉम्प्युटर घेऊन घरी आलो, वाढीव वॉरंटी दुकानातच राहिली.

अक्का, तुला हे सांगायला नको की आमच्या घरात बाहेरचा माणूस दुरुस्तीला कधी आलेला नाही. दुसऱ्या घरातली माणसं छाती काढून सांगतात की आमच्या दारात कधी पोलीस आला नाही, तसं हे सांगतात की आमच्या दारात कधी मेकॅनिक आला नाही. आमचा पंखा एकवर सोसाट्याने फिरतो आणि पाचवर गुंगीत असल्यासारखा, पण फिरतो. पाहुणे आले की आधी पंख्याचा धडा द्यावा लागतो. इस्त्री दोन कपड्यांना तापते आणि तिसऱ्याला विश्रांती घेते. मी तिच्या सवयीने कपडे लावून ठेवते.

आणि आप्पांचा रेडिओ. मला वाटतं ह्यांच्यावर माझा जीव पुरता बसला तो त्या रेडिओमुळेच. दौंडचं आपलं ते रेल्वेचं क्वार्टर, रुळाला एवढं खेटून की मालगाडी गेली की फडताळातली भांडी बोलायची. आणि रेडिओचं स्टेशन सरकायचं. आप्पा ड्युटीवरून येऊन बातम्या लावून बसायचे, बातमी रंगात यायची आणि मालगाडी यायची. ती गेल्यावर बातम्यांच्या जागी खरखर किंवा कुठलं तरी कानडी गाणं. पुढची मालगाडी येईपर्यंत आप्पा काटा फिरवत बसायचे. त्यामुळे आपल्या घराला जगातली प्रत्येक बातमी अर्धीच माहीत होती. लग्नानंतर हे पहिल्यांदा राहायला आले, आयटीआयची परीक्षा नुकतीच पास झालेले, आणि सासऱ्यांसमोर बोलायचं काय हे सुचेना म्हणून ह्यांनी रेडिओ उघडला. आई पदर तोंडाला लावून बघत होती. तू मला चिमटे काढत होतीस. रात्री जेवणाच्या आधी रेडिओ पुन्हा जोडून मिटवला, आणि तो फक्त उलटा ठेवला तरच लागायला लागला. सरळ ठेवला की मुका. ह्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हे ताटावर बसायचेच नाहीत. तेवढ्यात मालगाडी आली, अख्खी गेली, आणि स्टेशन जागचं हललं नाही. आप्पांनी पूर्ण बातमी ऐकली, शेवटपर्यंत. मग म्हणाले, "दौंडात गाडीला इंजिनसुद्धा उलट्या बाजूनं लागतंय, रेडिओचं काय घेऊन बसलाय." आणि जन्मभर त्यांनी तो उलटाच ऐकला. आकडे उलटे वाचायला शिकले. कुणी सरळ करायला गेलं तर हात धरायचे, जावयानं नीट केलाय म्हणायचे.

तर असा हा माणूस, आणि त्याला मी सांगायचं की कागद फाडू नका. सुदर्शन फोनवर म्हणाला, घेऊन टाक वॉरंटी, डोक्याला ताप नको, काही झालं की ते माणूस पाठवतात. 'माणूस पाठवतात' हे शब्द ह्यांनी दुसऱ्या खोलीतून ऐकले आणि त्या रात्री भाकरी अर्धीच खाल्ली. मी पुन्हा एकटीच जालिंदरकडे गेले. तो म्हणाला, "बाई, तुम्हाला खोटं सांगणार न्हाई. बिघडायचा तर पहिल्या वर्षात बिघडतो, नाहीतर पाचसहा वर्षं बघायला नको. मधल्या दोन वर्षांचे पैसे बहुतेक माझ्याच खिशात राहतात. तुम्ही तेच पैसे बाजूला ठेवा, कधी लागले तर लागले." इतकं स्पष्ट सांगितल्यावर निर्णय सोपा व्हायला हवा होता. पण अक्का, माझ्या मनात दुसरंच होतं, आणि ते मी कुणाला बोलले नव्हते. तुलाही नाही.

गेल्या उन्हाळ्यापासून ह्यांचा उजवा हात थरथरतो. आधी मला वाटलं कप जड झाला. मग दाढी करताना गालावर रोज नवीन कापलेलं दिसायला लागलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, म्हणाले वाढणार नाही बहुतेक, पण कमीही होणार नाही. हे त्याविषयी बोलत नाहीत. हात खिशात घालून फिरतात आणि लोकांना वाटतं रिटायर झाल्यावर रुबाब आलाय. म्हणून वॉरंटी घ्यायची म्हणजे ह्यांना तोंडावर सांगायचं की आता तुमच्याच्याने होणार नाही. ते मला करायचं नव्हतं. आणि न घ्यावी, तर कधीतरी ते होणार नाही हे आपोआप दिसणारच होतं. त्यावरून मी उगाच चिडायचे, हे उगाच चिडायचे, आणि दोघांपैकी कुणीही खरं कारण काढायचं नाही. हेच ते 'वाजलं'.

मग गुरुवारी ते झालं. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला तर आत घुंई घुंई आवाज, पण स्क्रीन काळी. मी ह्यांना काही बोलले नाही, दुपारी विहारात महिला मंडळाची बैठक होती तिकडे गेले. व्याख्यानाला येणाऱ्या ताई आल्याच नाहीत, म्हणून लवकर परतले. दार लोटलेलं होतं, फटीतून आतलं दिसलं. हे जमिनीवर बसलेले, समोर डबा उघडा, पिठाच्या परातीत स्क्रू. जवळच्या चष्म्यावर लांबचा चष्मा चढवलेला. चिमटीत एक स्क्रू धरून तो भोकाशी न्यायचा प्रयत्न चालला होता. हात भोकापाशी जायचा आणि स्क्रू परातीत पडायचा. बारीक आवाज यायचा. हे पुन्हा उचलायचे. पुन्हा पडायचा. शेवटी ह्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि नुसते बसून राहिले.

मी चपला हातात घेतल्या आणि मागे फिरले. फाटकापर्यंत गेले, तिथे चपला घातल्या, कडी दोनदा वाजवली, मोठ्याने खाकरले, शेजारच्या धुरपदाकाकूंना उगाच मोठ्या आवाजात जेवणाचं विचारलं (त्या घरात नव्हत्या), आणि मग आत आले. हे डब्यात डोकं घालून बसलेले. मी पर्स ठेवली, समोर मांडी घालून बसले. ह्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "राजे, हे स्क्रू आजकाल लय बारीक करायला लागल्यात."

मी म्हणाले, "सगळंच बारीक करतात. बिस्किटंसुद्धा."

मग मी परातीतला एक स्क्रू उचलला आणि विचारलं हा कुठे. ह्यांनी परात माझ्याकडे सरकवली. मग बोटाने दाखवलं. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला पाना-पकडीला हात लावू दिला नव्हता, कारण मी मागे एकदा स्क्रूड्रायव्हरने नारळ फोडला होता. पण त्या दुपारी मी सगळे स्क्रू लावले. हे सांगत होते, मी फिरवत होते. उजवीकडं. आता थोडं मागं. जोर लावू नगं, ते काय आपलं दुश्मन न्हाई. मधेच हे आयटीआयच्या मास्तरांचं सांगायला लागले, मग दौंडच्या स्टेशनवर आम्ही लग्नाआधी चोरून भेटलो होतो त्याचं. (हो अक्का, भेटलो होतो. तुला आत्ता कळतंय. आप्पांच्या ड्युटीची वेळ मला पाठ होती.) ऊन खिडकीतून सरकून परातीत आलं तरी आमचं चाललंच होतं.

सगळं लावून बटण दाबलं, तर घुंई घुंई, आणि स्क्रीन काळीच. ह्यांनी लांबचा चष्मा काढून पुसायला घेतला. मला मात्र तेव्हा दिसलं, की स्क्रीनच्या मागची जाड वायर निघून लोंबतेय. आणि ती काढणारी मीच. स्क्रीनला झालरीचं कव्हर शिवलंय मी, धोतराच्या पानाची सवय, दुसरं काय. ते सकाळी ओढून काढताना वायर आली असणार. मी पुसायच्या निमित्ताने फडकं मागे नेलं आणि वायर दाबली. स्क्रीन उजळली. हे माझ्याकडे बघून म्हणाले, जमलं का न्हाई. मी म्हणाले, जमलं.

त्या रात्री मी ठरवून टाकलं की वॉरंटी घ्यायची नाही. कागद तर फाटलाच होता, आणि मला पुन्हा तसं परातीभोवती बसायला आवडलं असतं. शुक्रवारी संध्याकाळी जालिंदरला तसं सांगायला गेले, तर तो म्हणाला, काका सकाळीच येऊन दोन वर्षांची घेऊन गेले. डबा उघडल्याचं स्वतः सांगितलं, वर म्हणाले, येऊन तपासून घे, तुझा कागद पुन्हा लाव, मी परत हात लावणार न्हाई. मी तरातरा घरी आले. विचारलं, मला न विचारता का घेतली? हे भाजी निवडत बसले होते. हातातली जुडी निवडून संपवली.

मग म्हणाले, "हितनं पुढं मी कवा नसलो, तर तू कुणाला हाक मारशील? म्हून दुकानाचा नंबर घेऊन ठिवला."

अक्का, मी शाळेत पन्नास पोरांना एका वाक्यात गप्प करणारी बाई. मी त्यांच्या पुढ्यातली मेथी ओढली आणि निवडायला लागले. त्यातली अर्धी नीट निवडली नाही, जेवताना दोघांच्याही दाताखाली माती आली.

काल जालिंदर येऊन गेला. डबा उघडून बघितला, म्हणाला सगळं शाबूत आहे, आणि विचारलं की स्क्रू कुणी आवळले, कंपनीसारखे आवळलेत. ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग त्याने नवा कागद चिकटवला आणि हे हात मागे बांधून शेजारी उभे राहून बघत होते. आमच्या दारात आलेला पहिला मेकॅनिक. तो चहा पिऊन गेला. आज सकाळी आम्ही सुदर्शनच्या पोरीला बघितलं. नाक आणि कान दोन्ही एकदम दिसले. कान तुझ्यावर गेलेत.

दाजींना सांग, वकिलाला कळवा, आणि त्यांना माझा विशेष जयभीम सांग. गाईला गोंजार. गुडघ्याला तेल.

तुझी,
राजी

ता. क. – एवढं लांबलचक लिहायचं खरं कारण राहिलंच. कॉम्प्युटरला कागद लागल्यापासून ह्यांना काही उद्योग नाही. काल तर बादलीचा कान तपासत बसले होते. तुझ्याकडे काही बिघडलेलं असेल तर इकडे पाठव. आम्ही दोघं मिळून बघू. नसेल तर दाजींना म्हणावं, थोडं निष्काळजीपणे वागा.

ता. क. दुसरा – फार नाजूक यंत्र नको. पाण्याची मोटर, कडबाकुट्टी, असलं मोठ्या नटबोल्टाचं काहीतरी. आणि हे मी मागितलं असं कुणाला बोलू नकोस. पत्र ह्यांच्याच हाती पोस्टात टाकायला देतेय, पण पाकीट चिकटवून देते. दुसऱ्याचं पत्र हे कधी वाचत नाहीत.

ता. क. तिसरा – अक्का, जयभीम. हे अक्षर माझं, नवनाथचं. वाकडं आलंय, समजून घ्या. पाकिटाचा गोंद धरत न्हवता, तो दुरुस्त करताना वाचण्यात आलं. मोटर पाठवायची घाई करू नका. घरचा मिक्सर कालच खोललाय. चांगला चालला होता, हिला बोलू नका. आन् ती मागची वायर मला डबा उघडल्या उघडल्याच दिसली होती. पण ही येऊन शेजारी बसली, मग म्हटलं असू द्या.